खुंटीवरचा हात : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

तंबोरा हे वाद्य पाहणाऱ्याला फसवे वाटते. चार तारा, एक लांब दांडी, खाली भोपळा. त्यावर गत वाजत नाही, तान निघत नाही, एकही तार कोणी बोटाने दाबत नाही. मैफलीच्या आरंभी गायक खुंट्या पिळत बसतो, तार छेडतो, मान हलवतो, पुन्हा पिळतो, आणि मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होते. गाणे अजून सुरू झालेले नाही, असाच श्रोत्यांचा समज असतो. वास्तविक त्या रात्रीचे अर्धे भवितव्य त्या पाचदहा मिनिटांतच ठरत असते. किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ यांचे चरित्र हे पुष्कळ अंशी त्या मिनिटांचे चरित्र आहे. गाणाऱ्याने केवळ गावे आणि वाद्य लावून देण्याचे काम दुसऱ्या कोणी करावे, ही वाटणी त्यांनी आयुष्यात मानली नाही.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी यमुनेजवळच्या कैराना या गावी झाला. हे गाव आज उत्तर प्रदेशच्या शामली जिल्ह्यात आहे. किराणा हे घराण्याचे नाव त्यावरूनच पडले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ व नन्हे खाँ यांच्याकडे तालीम झाली. घर गवयांचे तसेच सारंगियांचेही होते. त्या काळच्या दरबारी समाजात सारंगियाला गवयाच्या खालची पायरी मिळे, आणि पुढे नावारूपाला आलेल्या अनेक गवयांना आपल्या घरातील सारंगीचा उल्लेख नकोसा वाटे. अब्दुल करीम स्वतः सारंगी शिकले होते. प्रतिष्ठेच्या दृष्टीने ही गोष्ट गैरसोयीची असेल. पण तिने त्यांना जे दिले ते कोणत्याही ख्यालियाला घरबसल्या मिळाले नसते. सारंगीत आतड्याच्या तीन मुख्य तारा असतात आणि त्यांच्या खाली धातूच्या तीस-पस्तीस तरफा. राग बदलला की या साऱ्या तरफा नव्याने लावाव्या लागतात. एखादी तरफ किंचित उतरली तरी वाद्याचा गुंजारव तेवढ्या जागी मुका होतो. ज्या मुलाचे बालपण अशा तरफा लावण्यात गेले, त्याचा कान बंदिशी पाठ होण्यापूर्वीच तयार झालेला असतो.

तारुण्यात ते बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोद्याच्या दरबारी आले. तेथे राजघराण्याशी नाते असलेल्या सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांना ते गाणे शिकवू लागले, आणि त्यातून दोघांनी एकत्र संसार करण्याचा निर्णय घेतला. दरबाराला तो रुचणे शक्यच नव्हते. दोघांनी बडोदे सोडले, मुंबई गाठली आणि पुढे मिरज. ते दिवस प्लेगचे होते. खाँसाहेब आजारी पडले असता ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात सेवा केल्याने बरे झाले, अशी आठवण मिरजेत आजही सांगतात. आठवणीतील श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी एवढे खरे की, उत्तरेतून आलेला हा गवई त्यानंतर मिरजेचाच झाला.

मिरज हे गाव त्यांच्या वाट्याला यावे हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तेथील फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये घडविण्यास सुरुवात केली होती. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे कारागीर. संस्थानी लढाया संपल्या, शस्त्रांची मागणी आटली आणि तेच हात भोपळ्याकडे व लाकडाकडे वळले. खाँसाहेब मिरजेत राहू लागले तेव्हा हा धंदा चांगलाच रुजलेला होता. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते. प्रवासात दुरुस्तीची हत्यारे बरोबर असत, आणि बिघडलेला तंबोरा दुसऱ्याच्या हाती देण्याऐवजी ते स्वतःच उघडून बसत. गवयाने कानस हाती घ्यावी हे कित्येकांना त्याच्या प्रतिष्ठेला न शोभणारे वाटले असेल. त्यांना तो गाण्याचाच भाग वाटे.

या दुरुस्तीत नेमके काय असते ते जाणून घेतल्याखेरीज त्यांच्या गाण्याचा उलगडा होत नाही. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट नसतो. त्याला अतिशय मंद उतार दिलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर घासत, टेकत, सुटत कंप पावते, आणि मूळ सुराबरोबर त्याचे वरचे उपस्वर झळाळून उठतात. याला जवारी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवून ही जवारी खुलवायची असते. धागा केसभर पुढे गेला की आवाज बोथट होतो, केसभर मागे आला की तोच आवाज पत्र्यासारखा वाजतो. खुंटीने तार ढोबळ मानाने लागते, मण्याने ती बारकाईने लागते. पण तार जुळली आणि जवारी बसली नाही तर तंबोरा बोलत नाही. सारे काही जमले तर खर्जाच्या पितळी तारेतून, कोणी लावलेला नसताना, गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीवर शोधनिबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर उमटूच नये असा भौतिकशास्त्राचा तोवरचा नियम, तेथेही तो तंबोऱ्यात उमटतो, हे त्यांनी दाखवून दिले आणि त्याचे कारण घोडीच्या त्या उतारात असल्याचे सांगितले. मिरजेच्या कारागिरांना नियम ठाऊक नव्हता आणि त्याला पडलेला अपवादही ठाऊक नव्हता. उतार मात्र ते पिढ्यानपिढ्या बिनचूक देत होते.

खाँसाहेबांचे गाणे या उपस्वरांच्या झळाळीतच राहत असे. आवाज बारीक, टोकदार, वरच्या पट्टीचा. ख्याल संथ लयीत मांडायचा, एकेका सुरावर थांबायचे, तो सर्व बाजूंनी पाहायचा आणि मगच पुढच्या सुराकडे वळायचे, ही त्यांची रीत. अशा गाण्यात लपायला जागा नसते. द्रुत तानेत किंचित चढलेला गंधार वाहून जातो. चार मात्रा धरून ठेवलेला गंधार तंबोऱ्याशी भांडू लागतो. पहिली तार पंचमाऐवजी निषादात लावण्याचा प्रघात किराणा घराण्यात विशेष रुजला, त्याचेही मर्म येथेच आहे. निषादात लावलेली तार मोठी हट्टी असते. ती षड्जाच्या अगदी शेजारी असल्यामुळे तिचा थोडाही ढळलेला सूर संपूर्ण वाद्य नासवतो, आणि ती नेमकी बसली तर मारवा, पूरियासारख्या पंचमवर्जित रागांना हक्काचे घर मिळते. कोणत्या रागाला कोणती तार, हा निर्णय गायकाचाच असला पाहिजे. कारण त्याचा परिणाम गायकाच्याच गळ्याला भोगावा लागतो.

गोमंतकाशी त्यांचा धागा लहानसा, पण लक्षात राहावा असा आहे. केरी गावच्या केसरबाई केरकर वयाच्या आठव्या वर्षी कोल्हापुरास गेल्या असता त्यांना पहिली तालीम अब्दुल करीम खाँ यांचीच मिळाली. ती केवळ आठ महिने टिकली. नंतर त्या गोव्यात परतल्या, रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिकल्या आणि अखेर अल्लादिया खाँ यांच्या गायकीच्या मानकरी ठरल्या. आठ महिन्यांत घराणे अंगी येत नाही. तरीही आठ वर्षांच्या मुलीच्या कानावर पहिला तंबोरा कोणी लावलेला पडला, हा तपशील चरित्रकारांनी सहसा एका ओळीत उरकला आहे. त्याला याहून अधिक जागा मिळायला हवी होती.

मिरजेशेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर राहत होते. भरतापासून चालत आलेल्या बावीस श्रुती प्रत्यक्ष कोणत्या, त्यांची अंतरे किती, या प्रश्नाने त्यांना झपाटले होते. प्राचीन ग्रंथांतील वर्णने परस्परांशी जुळत नव्हती. देवलांनी सरळ मार्ग धरला: ज्याच्या सुराविषयी शंका नाही असा गवई समोर बसवायचा, त्याच्याकडून एकेक स्वर गाऊन घ्यायचा आणि मोजपट्टी लावलेल्या तारेवर तो मोजायचा. त्यासाठी त्यांनी अब्दुल करीम खाँ यांना निवडले. १९१० मध्ये देवलांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सनदी सेवेतील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांना त्यात रस वाटला, १९११ मध्ये दोघांच्या पुढाकाराने फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया उभी राहिली, आणि या श्रुती वाजवू शकेल अशी खास पेटी तयार करविण्यात आली.

या पेटीची गरज का भासली ते आकड्यांत पाहिले की लगेच कळते. षड्ज दर सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर पंचम ३६० कंपनांचा आणि शुद्ध गंधार ३०० कंपनांचा येतो. ही प्रमाणे निसर्गाची आहेत. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार याच नात्याचा. पाश्चात्त्य पेटीत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तिचा पंचम जवळजवळ बिनचूक राहिला तरी गंधार ३०२ च्या वर सरकतो. दोन-अडीच कंपनांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. तंबोऱ्यासमोर तो सेकंदाला दोन-अडीच वेळा लहरणारा डळमळीतपणा होऊन कानाला टोचतो. खाँसाहेब हा फरक गाऊन दाखवू शकत होते, देवल तो मोजून दाखवू शकत होते. दोघांच्या विद्या एकमेकींच्या पूरक होत्या, आणि दोघांनाही ते कळलेले होते, हे त्या सहकार्याचे मोठेपण.

पेटी मात्र टिकली नाही. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. क्लेमंट्स-देवल यांची पेटी तेथे मांडली गेली आणि विष्णु नारायण भातखंडे यांच्यासह अनेक जाणकारांनी ती मान्य केली नाही. विरोधामागे विद्वत्तेबरोबर व्यक्तिगत मतभेदही होते. तथापि मूळ अडचण पेटीतच होती. गळ्यातील श्रुती एका जागी उभी राहत नाही. दरबारी कानड्यातील गंधार आंदोलित असतो. तो एका पट्टीवर ठोकून बसविला की कितीही अचूक आकड्यावर असला तरी दरबारीचा राहत नाही. आकड्यांनी सुराचा पत्ता सांगितला होता. त्या पत्त्यावर राहणारा सूर कसा वागतो, हे त्यांना सांगता येत नव्हते.

वाद्य किंवा यंत्र ज्याच्या हाती आहे त्याने त्याची आतली जुळणी समजून घ्यावी की नाही, हा वाद संगीतापुरता नाही. आज संगणकाच्या पडद्यावर मोटारींच्या शर्यती खेळणारी तरुण मंडळी नेमकी याच प्रश्नावर भांडतात. टायरमधील हवेचा दाब, स्प्रिंगचा कडकपणा, मागच्या पंखाचा कोन, या गोष्टी स्वतः शिकून बसवाव्यात, की कोणीतरी तयार करून दिलेली जुळणी घ्यावी आणि निमूटपणे गाडी हाकावी? खऱ्या शर्यतींचा इतिहासही याचे एकच एक उत्तर देत नाही. १९६७ मध्ये लोटस संघात दोन विश्वविजेते एकत्र होते. ग्रॅहॅम हिल हे मुळात मेकॅनिक. गाडीची जुळणी सतत बदलून पाहणे हा त्यांचा स्वभाव. स्कॉटलंडचे शेतकरी जिम क्लार्क यांना जी गाडी मिळेल तिच्याशी ते स्वतःला जुळवून घेत, इतके की गाडीतील दोष त्यांच्या हाताखाली दिसेनासे होत. त्या वर्षी नव्या गाडीची चाचणी हिल यांनी घेतली. क्लार्क यांनी ती नेदरलँड्समधील शर्यतीच्या ठिकाणी पोहोचल्यावरच प्रथम चालविली आणि शर्यत जिंकली. सर्वांत पुढून निघालेल्या हिल यांची गाडी मध्येच बंद पडली. एवढ्यावरून जुळणी शिकण्याची गरज नाही असा निष्कर्ष काढणारे एक गोष्ट विसरतात. क्लार्क यांच्यासाठी ती कोणीतरी आधीच केलेली होती.

गवयाला ही सोय नसते. त्याच्या गाडीचा रस्ता दर तासाला बदलतो. सभागृहात गर्दी झाली, हवेत दमटपणा आला, दिवे तापले, की लाकूड आणि तार आपापल्या परीने सरकतात. कोकण-गोव्यात पावसाळ्यात तंबोरा लावणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. आरंभी अचूक लावून दिलेला तंबोरा दुसऱ्या रागापर्यंत अचूक राहील याची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि तो उतरला आहे हे आधी ज्याच्या कानाला कळते त्याच्याच हातात खुंटी असावी लागते.

दरबार आणि संस्थाने यांपासून दूर, जेथे वाद्य लावून देणारा वेगळा माणूस असण्याची कल्पनाच संभवत नाही, तेथे हा प्रश्न मुळात उद्भवतच नाही. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात राजगोंडांचे भाट परधान आहेत. गेल्या शतकाच्या चाळिशीत तेथे राहिलेले मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी त्यांच्याविषयी एक चकित करणारी नोंद केली: या परधानांची घरची भाषा मराठी, पण गोंडांच्या कुळांची पुराणे ते गोंडीतून गातात. गाताना हाती किकरी असते. हे तीन तारांचे, गजाने वाजवायचे वाद्य. हिरासुका नावाच्या आद्य परधानापासून आपली परंपरा सुरू झाली असे ते मानतात. कथा ज्याची, किकरी त्याची, आणि ती लावणारा हातही त्याचाच. मराठी बोलणाऱ्या या गायकांचे नाव मिरज-पुण्याच्या संगीतचर्चेत कधी ऐकू आले नाही. खाँसाहेबांनी हयातभर जे कटाक्षाने पाळले ते आदिलाबादच्या रानात नित्याचे होते, याची दखल घेणारा कोणी देवल त्यांना भेटला नाही.

१९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. पुढे मुंबईतही शाखा निघाली. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या विद्यालयांचा आदर्श समोर होता, तरी येथले वातावरण पाठशाळेपेक्षा गुरुगृहाचे होते. गरीब मुलांना राहण्या-जेवण्यासह शिकविण्याचा खर्च जलशांच्या तिकिटांतून भागवावा लागे. लोकांना खेचण्यासाठी खाँसाहेबांनी एक अचाट गोष्ट केली: टिपू नावाच्या कुत्र्याला सुरात आवाज काढायला शिकविले आणि त्याला लोकांपुढे आणले. पुण्या-मुंबईच्या सोवळ्या रसिकांनी नाके मुरडली असतील. पण त्या टिपूकडे पाहून एक गोष्ट ध्यानात येते. कान आणि गळा तयार करता येतो, अगदी मुक्या जनावराचाही. खुंटी पिळून सूर कोठे आहे हे शोधणे त्याला शिकविता येत नाही. शिष्य आणि टिपू यांच्यात हेच अंतर होते.

शिष्यांत सर्वांत मोठे नाव कुंदगोळच्या रामभाऊंचे, म्हणजे सवाई गंधर्वांचे. त्यांच्याकरवी ही गायकी भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल यांच्यापर्यंत पोहोचली. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हे दुसरे निष्ठावान शिष्य. गुरूचे विस्तृत मराठी चरित्र त्यांनीच लिहिले. रोशनआरा बेगम यांनी ती गायकी फाळणीनंतर पाकिस्तानात नेली.

घर मात्र सुरात राहिले नाही. १९२२ च्या सुमारास ताराबाई पाच मुलांसह विभक्त झाल्या. मुलांनी नवी नावे धारण केली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या. कमलाबाई, कृष्णराव आणि सरस्वतीबाई राणे ही इतर भावंडे. महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या तीन पिढ्यांनी ज्यांचे गाणे डोक्यावर घेतले त्या हिराबाईंच्या नावात वडिलांच्या नावाचा मागमूसही उरला नाही. दुखावलेल्या आईने घेतलेला हा निर्णय होता, आणि बाहेरच्यांना त्याचा न्याय करता येणार नाही. विद्यालयालाही याचा जबर फटका बसला. खाँसाहेब मिरजेला परतले, बानूबाई लाटकर यांच्याशी त्यांनी संसार मांडला आणि पुढची वर्षे बहुतांशी दौऱ्यांत घालविली.

हे दौरे दक्षिणेकडे होते. म्हैसूरच्या दरबारात त्यांना मोठा मान मिळाला. हिंदुस्थानी गवयांनी कर्नाटक संगीताकडे दुरून पाहावे अशा काळात त्यांनी ते कान देऊन ऐकले, त्यातील सरगमची पद्धत उचलली आणि त्यागराजांची खरहरप्रिया रागातील रचना ध्वनिमुद्रित केली. ते काम सोपे नव्हते. तेथील गमकांची घडण निराळी असल्यामुळे तोच स्वर तेथे निराळ्या जागी भेटतो. स्वतःच्या तंबोऱ्याचा पत्ता ज्याला पक्का ठाऊक, त्यालाच दुसऱ्याच्या गावात वाट चुकण्याचे भय वाटत नाही.

त्यांच्या ध्वनिमुद्रिका दोन कालखंडांतल्या आहेत: विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काही, आणि अखेरच्या तीन-चार वर्षांतल्या. दुसऱ्या खेपेच्या तबकड्यांनी त्यांना घरोघर पोहोचविले. भैरवीतील जमुना के तीर ही ठुमरी ज्याने ऐकली नाही असा जुन्या पिढीतला मराठी रसिक विरळा. या तबकड्यांत शमसुद्दीन खाँ यांच्या तबल्याबरोबर शंकरराव कपिलेश्वरी यांची पेटीही ऐकू येते. ज्या गवयाने देवलांना पेटीचा गंधार किती चुकतो ते दाखवून दिले, त्याच्या मागे पेटी वाजते आहे, ही विसंगती लपवण्याचे कारण नाही. नीट कान दिला तर पेटी मागे राहते आणि सूर तंबोऱ्याच्या अंगाने चालतो. हे ऐकण्यासारखे आहे. साथीशी भांडण न करता तिच्यापासून सुटे कसे राहावे याचा तो पाठ आहे.

आक्षेपही होते आणि ते निराधार नव्हते. बंदिशीचे शब्द त्यांच्या मुखात झिजून जात, लयीशी त्यांचे खेळणे इतर घराण्यांच्या मानाने फिके, असे त्यांच्या हयातीतच बोलले जाई. आग्र्याच्या किंवा जयपूरच्या गायकीवर पोसलेल्या श्रोत्याला त्यांच्या मैफलीत काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत असावे. सर्व लक्ष सुराच्या जुळणीवर केंद्रित केले की बांधणीकडे दुर्लक्ष होते, ही किंमत किराणा गायकीने चुकविली. सवाई गंधर्व आणि त्यांच्या शिष्यांनी ती उणीव पुढे पुष्कळशी भरून काढली.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरमध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला आणि आता तो मोबाइलमध्ये आला आहे. पट्टी निवडावी, बटण दाबावे, रियाज सुरू करावा. खेड्यातल्या ज्या मुलीला तंबोरा विकत घेणे परवडत नाही तिच्यासाठी हे वरदानच आहे, आणि त्याला नाक मुरडणे हा केवळ दिमाख ठरेल. मात्र अनेक वर्षे गाऊनही स्वतःचा तंबोरा स्वतः लावू न शकणारे विद्यार्थी आता दिसतात. त्यांचा सूर पेटीतल्या आवाजाशी जुळतो. तो आवाज बंद केल्यावर सूर कोठे उभा राहतो, याची परीक्षा कोणी घेत नाही. खाँसाहेबांच्या वेळी ती परीक्षा गाण्यापूर्वी, सर्वांसमोर, रोज होत असे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये ते मद्रासच्या दौऱ्यावर होते. तेथून अरविंद आश्रमासाठी पाँडिचेरीला जाण्यास आगगाडीने निघाले. वाटेत छातीत दुखू लागले आणि सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्थानकावर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. नमाज झाला. त्यांनी तंबोरा लावून घेतला आणि दरबारीत प्रार्थना सुरू केली. २७ ऑक्टोबरला तेथेच त्यांचे निधन झाले. वय पासष्टीला टेकलेले होते.

देह मद्रासमार्गे मिरजेला आणला गेला आणि ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. दर्ग्याच्या उरुसात तेथे त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. देशभरचे गायक हजेरी लावतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगारांचे वंशज आजही गावात भोपळे वाळवतात, दांड्या जोडतात, आणि घोडीचा उतार हातानेच घासून काढतात.